ब्राऊन जांबालाया: बॅटन रूजच्या अंगणातल्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या गल्लीचं एकत्र जेवण असतं आणि त्या दिवशीचा जांबालाया शेजारचे आजोबा करतात. यंदा त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, मोठं भांडं ढवळणं त्यांना जमणार नाही. "तू कर, मी खुर्ची टाकून बाजूला बसतो," असं त्यांनी मला सांगितलं. चाळीस माणसांचं जेवण आहे. तोवर लहान भांड्यात हात बसवायचा आणि जे घडेल ते इथे लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे कुणी करायला घेतलं तर त्याचा वेळ वाचेल. मापं शक्यतो किलो-लिटरमध्ये देते. इथे सगळं पाउंड आणि गॅलनमध्ये चालतं, ते मी बदलून घेतलंय.

ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: मांस, कांदा, ढोबळी मिरची, सेलरी आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवलेला हा अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा भात. बॅटन रूज ही याच राज्याची राजधानी. आजोबा मूळचे गोन्झालेसचे, बॅटन रूजपासून अर्ध्या तासावरच्या गावचे. १९६८ मध्ये राज्याचे गव्हर्नर जॉन मॅकीथन यांनी या गावाला ‘जगाची जांबालाया राजधानी’ म्हणून जाहीर केलं. तिथे दर वर्षी मेअखेरीस उत्सव भरतो आणि बिडाच्या भांड्यांत, लाकडाच्या जाळावर स्पर्धेचा जांबालाया शिजतो. तिथला जांबालाया तपकिरी असतो, त्यात टोमॅटो नसतो. न्यू ऑर्लिन्सचा लाल असतो, त्यात टोमॅटो असतो. या एका फरकावरून इथे लोक तासन्‌तास बोलू शकतात.

आज घरच्या नॉनस्टिक भांड्यात केला. दोन कप बासमती, ९०० ग्रॅम बिनहाडांच्या कोंबडीच्या मांड्या, तीन कांदे, एक ढोबळी मिरची, सेलरीच्या दोन काड्या, लसूण. रंग आला पिवळट पांढरा आणि भाताचा झाला गिचका. आजोबांना ताटली दिली. त्यांनी दोन घास खाल्ले, भांडं दाखवायला सांगितलं आणि तळ बघून म्हणाले, "याला काही चिकटतच नाही. मग रंग येणार कुठून?"

बिघडलं ते असं. नॉनस्टिकला खरवड धरत नाही. कोंबडी सगळी एकदम टाकल्यामुळे तिला पाणी सुटलं आणि ती भाजण्याऐवजी उकडली. बासमतीचं लांब, नाजूक शीत मांसाबरोबर ढवळलं की मोडतं.

खर्च १४ डॉलर, वेळ दीड तास.

१५ मार्च, शनिवार

आजोबांनी त्यांचं जुनं पाच लिटरचं बिडाचं भांडं वापरायला दिलं. आजचा सगळा दिवस भांड्याच्या तळाशी गेला आणि माझ्या मते हीच नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे.

हाडं आणि कातडीसकट मांड्या घेतल्या. पुसून अगदी कोरड्या केल्या, मीठ, काळी मिरी आणि केयेन मिरचीचं तिखट चोळलं. चार चमचे तेल चांगलं तापल्यावर तुकडे एकमेकांना टेकणार नाहीत इतकेच टाकले. मग सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही. तुकडा तळाला धरून बसतो आणि पुरेसा भाजला की आपणहून सुटतो. ओढून काढला तर कातडी तळालाच राहते. दोन्ही बाजू गडद झाल्या की काढून पुढची खेप.

सगळी कोंबडी काढल्यावर तळाला तपकिरी थर राहतो. त्यावर अर्धी वाटी पाणी ओतायचं, लाकडी कालथ्यानं थर खरवडून त्या पाण्यात विरघळवायचा आणि पाणी आटू द्यायचं. थर पुन्हा धरतो, आधीपेक्षा गडद. पुन्हा पाणी, पुन्हा खरवडणं. आजोबा हे तीन-चार वेळा करायला लावतात. जांबालायाचा रंग आणि त्याची निम्मी चव इथेच तयार होते. नंतर कुठलाही मसाला घालून ती भरून काढता येत नाही.

मग कांदा. आपण रस्स्यासाठी परततो त्याच्या बराच पुढे न्यायचा, मध्यम आचेवर अर्धा तास. तो तळाला धरू लागला की पाण्याचा हबका मारून खरवडायचा. कांद्यानं रंग धरला की ढोबळी मिरची, सेलरी आणि शेवटी लसूण. कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी या तिघांना इथे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. फ्रेंच घरांत कांदा, गाजर आणि सेलरी असतं. इथे गाजराची जागा ढोबळी मिरचीनं घेतली.

मधे एक खेप वाया गेली. आच मोठी राहिली, थर तपकिरी होता होता काळा पडला. ओळखायची खूण सांगते: तपकिरी थराला भाजलेल्या मांसाचा गोडसर वास येतो, करपलेल्या थराचा वास नाकात कडू लागतो. कडू वास आला की पुढे जाऊ नये, कारण तो थर पाण्यात विरघळून सगळ्या भातात उतरतो. भांडं धुऊन पुन्हा सुरुवात केली. चाळीस मिनिटं गेली, कोंबडी मात्र वाचली.

रंगासाठी काही जण तेलात साखर जाळून घेतात, काही बाटलीतला तयार गडद रंग घालतात. आजोबांना दोन्ही मान्य नाही. मी वेगळ्या छोट्या भांड्यात साखरेचा प्रकार करून पाहिला. रंग सुंदर आला, पण चवीत पोकळपणा होता आणि मागे गोडसरपणा राहिला. तो मार्ग मी सोडला.

२२ मार्च, शनिवार

आज सॉसेज. जांबालायात आंदुई नावाचं धुरी दिलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज घालतात. आधी सुपरमार्केटमधलं आणलं होतं. ते बारीक दळलेलं, मऊ, कापल्यावर आत एकसारखं गुलाबी. परतल्यावर त्याला सुरकुत्या पडल्या आणि तळाला काहीच धरलं नाही.

म्हणून आज तासाभरावर लाप्लासला गेले. न्यू ऑर्लिन्सच्या वाटेवर मिसिसिपीच्या काठचं हे गाव आंदुईसाठी प्रसिद्ध आहे. इथलं आंदुई जाड तुकड्यांचं, कापल्यावर मांस आणि चरबी वेगवेगळी दिसते, धुराचा वास पिशवीतूनही येतो. किलोला जवळजवळ २० डॉलर पडले, साध्यापेक्षा दुप्पट. पण बिडाच्या भांड्यात त्याच्या चकत्या टाकल्यावर पाचच मिनिटांत जो थर धरला, त्यावरून पैसे कुठे गेले ते कळलं.

एक अडचण आली. भात खारट झाला. आंदुईत मीठ बरंच असतं आणि कोंबडीला मी नेहमीसारखं मीठ चोळलं होतं. आता क्रम बदललाय: कोंबडीला निम्मंच मीठ, आणि उरलेलं तांदूळ टाकण्याआधी रस चाखून. तो रस आपल्याला हवा त्यापेक्षा थोडा जास्त खारट लागला पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढून घेतो. किती जास्त ते शब्दांत सांगता येत नाही, जीभच शिकवते. रसावर तरंगणारं जास्तीचं तेलही याच वेळी पळीनं काढून टाकायचं, नाहीतर भात तेलकट होतो.

२८ मार्च, शुक्रवार

सध्या लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा व्रताचा काळ, चालू आहे. दक्षिण लुइझियानात कॅथलिक कुटुंबं बरीच, आणि या दिवसांत शुक्रवारी ती मांस खात नाहीत. ऑफिसातली न्यू ऑर्लिन्सची मैत्रीण म्हणाली, "आज आमच्याकडचा कोळंबीचा कर, लाल." तिच्या देखरेखीखाली केला.

मेक्सिकोच्या आखातातली गोठवलेली कोळंबी डोक्यांसकट घेतली. डोकी आणि सालं तेलात परतून, पाणी घालून अर्धा तास उकळली. तो रस गाळून त्यात तांदूळ शिजवायचा, ही तिची पहिली अट. मी कोळंबी तांदळाबरोबरच घातली, कारण आपल्या कोळंबीभातात तशीच घालतो. अर्ध्या तासाच्या वाफेत ती रबरासारखी चिवट झाली. मैत्रिणीची पद्धत अशी: भात तयार झाल्यावर झाकण उघडायचं, कच्ची कोळंबी वर पसरायची, भाताखाली हलकेच दाबायची आणि झाकून पाच-सात मिनिटं. भाताच्या उष्णतेवरच ती शिजते. उरलेल्या कोळंबीवर करून पाहिलं आणि बरोबर जमलं.

टोमॅटोमुळे वेगळीच अडचण आली. कांदा नुकताच मऊ झाला होता आणि मी टोमॅटो ओतला. त्याच्या पाण्यानं भांड्यातलं भाजणं तिथेच थांबलं. कांद्याला रंग आलाच नाही, चव कच्ची राहिली आणि तांदूळही नेहमीपेक्षा उशिरा शिजला. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, ते मोजात धरायला हवं होतं. उद्या कुणी लाल जांबालाया करणार असेल तर सांगते: आधी सगळं तपकिरी करून घ्या, मगच टोमॅटो घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. तेल सुटणं आपल्याला शिकवावं लागत नाही, फक्त ते इथे लागू होतं हे लक्षात यायला मला वेळ लागला.

५ एप्रिल, शनिवार

आज एकाच वेळी दोन भांडी केली. एक तपकिरी, एक लाल, कोंबडी आणि आंदुई दोन्हींत सारखं. आजोबा आणि मैत्रीण दोघांनाही जेवायला बोलावलं, कारण गेले काही आठवडे मी एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवत होते.

आजोबांचं म्हणणं: टोमॅटो घातला की तो भात चवदार असेल, पण जांबालाया नाही. टोमॅटोचा आंबटपणा भाजलेल्या मांसाची चव झाकतो, आणि ज्याला नीट भाजता येत नाही त्याला लाल रंगाचा आधार लागतो. मैत्रिणीचं म्हणणं: तिच्या आजीच्या घरात तपकिरी जांबालाया कुणी पाहिलाच नव्हता. बंदराच्या शहरात जे यायचं ते भांड्यात जायचं, आणि टोमॅटोशिवाय भात कोरडा लागतो.

दोन्ही भांडी चाखून माझं मत असं झालंय की दोघं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देतात. भाताला रंग, ओलावा आणि खोली कुठून आणायची, हा तो प्रश्न. नदीकाठच्या गावांत ती खरवडीतून आली, शहरात टोमॅटोतून. टोमॅटो नीट आटवला तर लाल भांडंही उत्तम होतं. मला स्वतःला तपकिरी जास्त आवडला, कारण त्यात कोंबडी कोंबडीसारखी लागते.

परंपरेच्या दाव्यांबद्दल मात्र सावध राहायला हवं. न्यू ऑर्लिन्सच्या पिकायून वृत्तपत्रानं १९०० मध्ये क्रिओल, म्हणजे शहरातल्या फ्रेंच-स्पॅनिश-आफ्रिकी मिश्र परंपरेच्या, पाककृतींचं पुस्तक काढलं. त्यातल्या क्रिओल जांबालायात डुकराचं मांस, हॅम, चॉरिस नावाची तिखट सॉसेजं, कांदा, थाईम आणि लवंगसुद्धा आहे, पण टोमॅटो नाही. म्हणजे खुद्द शहरातही टोमॅटो हा प्रत्येक भांड्याचा नियम नव्हता. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लवंग? आमच्यात कुणी घालत नाही." आजोबांनी मान हलवून दुजोरा दिला. संध्याकाळभरात दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

याहून मोठी गोष्ट या वादात मागे पडते, ती लिहून ठेवते. हा पदार्थ कुणाचा, असं विचारलं की स्पेनच्या पाएया या भाताचं नाव निघतं, फ्रेंचांचं निघतं, १७५५ पासून कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकलल्या गेलेल्या आणि पुढे इथे येऊन वसलेल्या अकेडियन लोकांचं निघतं. पण भात? १७१९ मध्ये आफ्रिकेतून गुलाम माणसांना घेऊन जी पहिली जहाजं लुइझियानाला आली त्यांवर भाताचं बियाणं होतं, आणि भातशेती जाणणारी माणसं आणा, असा कप्तानांना हुकूम होता. पश्चिम आफ्रिकेचा, असाच एका भांड्यात शिजणारा जोलोफ भात पाहिला तर नातं डोळ्यांना दिसतं. टोमॅटो हवा की नको यावर आवाज चढवणाऱ्या प्रत्येकानं भांड्यातला तांदूळ कुणी रुजवला याचं नाव आधी घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आजोबा यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, स्वयंपाकघरात खरं काम कुणी केलं हे त्यांच्या आईला ठाऊक होतं, पण ती कधी बोलली नाही.

६ एप्रिल, रविवार

म्हापशाहून दादाचा फोन. आम्ही मूळचे सावंतवाडीचे, दादा नोकरीसाठी म्हापशात असतो. माझे फोटो बघून त्यानंही घाट घातला. त्याच्या नोंदी इथे घेतेय, कारण भारतात करणाऱ्यांना माझ्यापेक्षा त्याच उपयोगी पडतील.

आंदुई तिथे मिळत नाही. त्यानं शुक्रवारच्या बाजारातून गोव्याचे चोरीस, तिथली डुकराच्या मांसाची सॉसेजं, आणले. कल्पना चुकीची म्हणता येणार नाही. पिकायूनच्या पुस्तकातलं चॉरिस आणि गोव्याचं चोरीस, दोन्हींचं मूळ इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालातच. पण गोव्याच्या चोरीसात व्हिनेगर असतं. सगळा भात आंबट झाला, वर लाल तेलाचा तवंग.

तांदूळ उकडा घेतला, कारण मीच सांगितलं होतं की इथे बरेच लोक उकडा वापरतात. ते खरं आहे, पण इथला उकडा तांदूळ लांब आणि पॉलिश केलेला, आणि दादानं आणला तो गावचा जाड, तांबूस. दुप्पट पाण्यात अर्धा तास ठेवूनही आत कणी. "तांदूळ अजून शिजूक नाय गो!" असं तो फोनवर सांगत होता आणि मागे वहिनी वरणभाताचा कुकर लावत होती.

कोंबडी त्याला बिनकातडीची मिळाली, आपल्याकडे तशीच देतात. तिला चरबी कमी, त्यामुळे तळाला थर नीट धरला नाही. कापायच्या आधीच ‘कातडी ठेवा’ असं सांगावं लागतं.

तमालपत्राचंही आलं. इथे घालतात ते ‘बे लीफ’ वेगळ्या झाडाचं, त्याचा वास सौम्य. आपल्या तमालपत्राला दालचिनी-लवंगेचा वास असतो आणि भाताची वाट थेट पुलावाकडे वळते. सरळ वगळा.

पुढच्या वेळी त्यानं सेला बासमती घ्यावा, असं ठरलं. बिर्याणीवाले वापरतात तोच. तोही उकडाच असतो, म्हणून शीत मोडत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

आज फक्त कोंबडी, सॉसेज नाही. गल्लीतली दोन कुटुंबं डुकराचं मांस खात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं लहान भांडं करायचंय. मला वाटलं होतं, हा दुय्यम प्रकार होईल. आजोबांनी आठवण करून दिली की गोन्झालेसच्या स्पर्धेचा जांबालाया कोंबडीचाच असतो. सॉसेज मिळत नाही म्हणून कुणी अडून बसलं असेल तर बसू नये. खरवड दोन वेळा जास्त काढली, कांदा वाढवला, आणि आजवरचा सगळ्यात चांगला भात हाच झाला.

तांदळाचं गणितही आज पक्कं झालं. लांब शिताचा उकडा तांदूळ, एक किलोला अडीच लिटर रस. तांदूळ न धुता उकळत्या रसात टाकायचा. पुन्हा उकळी येईपर्यंत तळापासून हलवत राहायचं, नाहीतर तांदूळ खाली बसून धरतो. शितं फुगून रसाच्या वर दिसायला लागली की आच अगदी बारीक, झाकण घट्ट, पंचवीस मिनिटं उघडायचं नाही. मग एकदाच, कालथा भांड्याच्या कडेनं खाली घालून तळचा भात वर उलटायचा. ढवळायचं नाही, उलटायचं. पुन्हा दहा मिनिटं झाकून.

मधल्या एका प्रयोगात वाफेच्या वेळी झाकण उघडून बघत होते. वरची शितं कच्ची राहिली, खालची फुटली. झाकणाखाली काय चाललंय ते वासावरून कळतं, उघडून बघायची गरज नसते.

राज्याच्या नैऋत्य भागात, क्रोलीच्या बाजूला, भात पिकतो आणि त्याच खाचरांत पाणी भरून हिवाळ्यात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडी, वाढवतात. तिकडे काही घरांत मांसाचा रस्सा वेगळा आणि भात वेगळा शिजवून शेवटी कालवतात. आजोबा त्याला जांबालाया म्हणत नाहीत. मला वाटतं, मोठ्या जेवणात भात बिघडण्याची भीती असेल तर तो मार्ग सोपा आहे, पण शितात रस मुरत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

मोठं भांडं आलं. पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर, बिडाचं, झाकणासह ९५ डॉलर. गॅसची तिवई ६५, सिलिंडर भरून २२. भांडं धुऊन, पुसून, तेलाचा पातळ हात देऊन धूर निघेपर्यंत तापवलं, गार केलं, पुन्हा तेच. दुपार त्यातच गेली.

संध्याकाळी निम्म्या मापात चाचणी. भाजणं उत्तम झालं, मोठ्या तळामुळे खेपा कमी लागल्या. बिघडलं तांदूळ टाकल्यावर. या बर्नरचा जाळ मधोमध लागतो आणि हवा तितका बारीक होत नाही. मधला भात तळाला करपला, कडेचा कच्चा. वरचा भाग काढून घेतला तरी धुराचा कडूपणा सगळ्यात उतरला होता. जवळजवळ ४५ डॉलरचं सामान आणि अख्खी संध्याकाळ गेली.

आजोबांचा उपाय: जाळ आणि भांडं यांच्यात जुना बिडाचा तवा ठेवायचा, म्हणजे उष्णता पसरते. शिवाय बीड बराच वेळ गरम राहतं, त्यामुळे झाकण ठेवल्यावर आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी जाळ पुरतो. रात्री नुसत्या तांदूळ-पाण्यावर करून पाहिलं. तळ पांढरा राहिला.

आणखी एक कळलं. मोठ्या भांड्यात वाफ प्रमाणानं कमी उडते. तिथे किलोला अडीच लिटर नको, २.२ पुरे.

३ मे, शनिवार

सामान: उकडा तांदूळ २.३ किलो, रस ५ लिटर, हाडांसकट कोंबडीच्या मांड्या ४.५ किलो, लाप्लासचं आंदुई २.३ किलो, कांदे २.३ किलो, ढोबळी मिरच्या पाच, सेलरीचा एक गड्डा, लसणाचे दोन गड्डे, पातीचा कांदा, केयेन, मिरी, मीठ. सगळं मिळून ८९ डॉलर. डुकराचं मांस न खाणाऱ्यांचं लहान भांडं वेगळं, त्याचा कालथाही वेगळा.

सकाळी आठला जाळ पेटवला. आंदुई, मग कोंबडी, मग खरवड: पावणेदोन तास. कांदा पन्नास मिनिटं. हा वेळ आधी धरला नव्हता. मोठ्या ढिगातलं पाणी सुटून आटायलाच वीस मिनिटं जातात. वारा सुटला तेव्हा जाळ एका बाजूला झुकायला लागला. पत्र्याचा आडोसा लावला तेव्हा कुठे भाजणं पुन्हा सारखं झालं. पुढच्या वेळी आडोसा आधीच.

रस चाखायला आजोबा उठून आले. म्हणाले, "आणखी मीठ." मी घातलं. पुन्हा चाखून, "आणखी." माझ्या जिभेला तो नको इतका खारट वाटत होता. भात झाल्यावर मीठ अगदी बेताचं होतं.

साडेअकराला तांदूळ पडला, बाराच्या थोडं आधी झाकण. भात उलटताना मात्र ताकद कमी पडली. इतका भात साध्या कालथ्यानं उलटत नाही. आजोबांच्या गॅरेजमधलं लाकडी वल्ह्यासारखं ढवळणं आणलं आणि शेजारच्या कॉलेजातल्या मुलानं ते भांड्याच्या कडेनं खाली घातलं. तळाला हलकीशी खरवड होती, सोनेरी, कडू नव्हती.

पावणेएकला वाढलं. मैत्रीण न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या भावाला घेऊन आली होती. त्यानं दुसऱ्यांदा ताट भरून घेताना विचारलं की टोमॅटो का नाही. आजोबांनी खुर्चीतूनच उत्तर द्यायला सुरुवात केली आणि तो खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. मी भांडी आवरेपर्यंत दोघांचं चालूच होतं.

उरलेला भात मोठ्या भांड्यात तसाच ठेवू नये. बीड तासन्‌तास कोमट राहतं आणि कोमट भात लवकर खराब होतो. उथळ ट्रेमध्ये पसरून, गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. बिडाचं भांडं साबणात भिजत ठेवायचं नाही. गरम पाण्यानं धुऊन, जाळावर सुकवून, तेलाचा हात द्यायचा.

११ मे, रविवार

दादानं पुन्हा केला. सेला बासमती, कातडीसकट कोंबडी, वहिनीच्या माहेरची बिडाची कढई. धुराच्या वासासाठी करवंटीचा निखारा वाटीत ठेवून, वर तेलाचा थेंब टाकून पाच मिनिटं झाकलं. आंदुई नाही, पण वास जवळचा आला म्हणाला.

सेल्याचं माप: एक वाटी तांदळाला दोन वाट्या रस, अर्धा तास भिजवलेला असेल तर पावणेदोन. वाफेला अठरा-वीस मिनिटं पुरतात, इथल्यासारखी पंचवीस लागत नाहीत.

चोरीस त्यानं सोडलेले नाहीत. या वेळी आतलं मांस मोकळं करून आधी वेगळं परतलं, सुटलेलं लाल तेल काढून टाकलं, आणि कोंबडीच्या चौथाईइतकंच घातलं. आंबटपणा बेतात राहिला. टोमॅटोही घालून पाहू का, असं विचारत होता. चोरीसाचं व्हिनेगर आणि टोमॅटो एका भांड्यात नको, असं मी सांगितलंय. लाल करायचाच असेल तर चोरीस बाहेर ठेवून, कोंबडी पूर्ण भाजून झाल्यावर, तेल सुटेपर्यंत आटवलेल्या टोमॅटोचा करावा. तो पुढच्या रविवारी करणार आहे.